धार लावूनही गवताची टोके पांढरी पडतात : पात्याला पुन्हा धार लावावी की पातेच बदलावे?

हिरवळ राखणाऱ्या बहुतेकांना ही तक्रार केव्हा ना केव्हा भेडसावते. लॉनमोवरच्या पात्याला धार लावली जाते, पहिली कापणी मनासारखी होते, दुसरीही बरी जाते, आणि तिसऱ्या कापणीनंतर एक-दोन दिवसांत सगळ्या हिरवळीवर पुन्हा तीच पांढुरकी, करडी छटा चढते. मग पाते पुन्हा काढायचे, पुन्हा घासायचे, आणि पुन्हा दोन कापण्यांपुरते समाधान मानायचे. असे तीन-चार वेळा झाले की पाते बदलावे की काय, असा प्रश्न पडतो, आणि पुष्कळदा त्याचे उत्तर अंदाजानेच दिले जाते. माझ्या मते या तक्रारीचे निदान एकाच गोष्टीतून सुरू होते, आणि ती म्हणजे लावलेली धार किती तास टिकली. हा आकडा हाताशी असला की दोष धारेचा आहे, जमिनीचा आहे, धार लावण्याच्या पद्धतीचा आहे की पातेच संपलेले आहे, हे बरेचसे उलगडते.

मात्र त्याआधी हा दोष खरोखरच पात्याचा आहे याची खात्री करून घेणे आवश्यक आहे. कापणीच्या दुसऱ्या दिवशी हिरवळीच्या वेगवेगळ्या भागांतून दहा-बारा गवताची पाने खुडावीत आणि त्यांची टोके उजेडात, शक्य असल्यास भिंगाखाली, पाहावीत. धारदार पात्याने कापलेल्या पानाचे टोक सरळ असते आणि सुकले तरी कडेला एक बारीक रेघ तेवढी दिसते. बोथट पात्याने कापलेले पान खरे म्हणजे कापलेले नसतेच, ते फाटलेले असते. त्याच्या टोकाशी पांढरट तंतू लोंबतात, आणि काही मिलिमीटरचा भाग चेचला जाऊन आधी पांढरा व मग तपकिरी होतो. दुरून दिसणारी करडी छटा म्हणजे अशा लाखो फाटलेल्या टोकांची एकत्रित छटा होय. फाटलेल्या जखमेतून पाणी अधिक उडून जाते आणि बुरशीलाही आत शिरायला अधिक वाव मिळतो, त्यामुळे हा केवळ दिसण्याचा प्रश्न राहत नाही.

टोक सरळ कापलेले असूनही पान पिवळे पडत असेल, तर पात्याला दोष देऊ नये. पानाच्या मधोमध कडा असलेले डाग असतील तर रोगाचा संशय घ्यावा. ठरावीक ठिकाणीच गोल करपलेले चट्टे असतील तर जनावरांचे मूत्र, सांडलेले खत किंवा गळलेले इंधन यांचा विचार करावा. संपूर्ण हिरवळ कापणीनंतर एकदम फिकट दिसत असेल आणि टोके मात्र स्वच्छ असतील, तर बहुधा एका वेळी फार खोल कापले गेलेले असते आणि खालचे फिकट देठ उघडे पडलेले असतात. एका कापणीत उंचीच्या एक तृतीयांशाहून अधिक कापू नये, हा नियम त्यासाठीच आहे. एका बाजूला उंच आणि दुसऱ्या बाजूला बुटके असे पट्टे दिसत असतील, तर चाकांची उंची किंवा डेकची, म्हणजे पात्यावरच्या आवरणाची, पातळी तपासावी, कारण धार कितीही लावली तरी ते पट्टे जाणार नाहीत.

फिरत्या पात्याचे यंत्र गवत कसे कापते, हे लक्षात घेतले म्हणजे पुढचे सगळे सोपे होते. कात्रीत दोन पाती एकमेकींवरून सरकतात आणि पान त्यांच्या मध्ये सापडते. फिरत्या पात्याला असा आधार नसतो. उभे असलेले पान केवळ वेगाच्या जोरावर, धक्क्याने छाटले जाते. ५० सेंटीमीटर लांबीचे पाते मिनिटाला ३००० फेरे घेत असेल तर त्याच्या टोकाचा वेग सेकंदाला सुमारे ७८ मीटर, म्हणजे तासाला २८० किलोमीटर इतका भरतो. धार आणि वेग या दोहोंपैकी एकही कमी पडला तरी पान छाटले न जाता वाकते आणि फाटते. म्हणूनच इंजिन कमी वेगावर चालवून आवाज व इंधन वाचवू पाहणाऱ्यांची हिरवळ उत्तम धारेच्या पात्यानेही फाटलेली दिसते. पाते काढण्यापूर्वी इंजिन पूर्ण वेग घेते का, आणि दाट गवतात त्याचा वेग दबतो का, हे पाहून घ्यावे.

पात्याला हात लावण्यापूर्वी यंत्र अकस्मात सुरू होण्याची शक्यता शून्यावर आणली पाहिजे, आणि या बाबतीत सवलत नाही. पेट्रोलच्या यंत्रात स्पार्क प्लगची वायर काढून ती प्लगपासून दूर बांधून ठेवावी. बॅटरीच्या यंत्रातून बॅटरी बाहेर काढावी. विजेच्या यंत्राचा प्लग सॉकेटमधून काढावा. केवळ बटण बंद करणे पुरेसे नाही, कारण पाते हाताने फिरवले की इंजिनही फिरते आणि गरम इंजिन तेवढ्यानेही सुरू होऊ शकते. पेट्रोलचे यंत्र कलंडवताना एअर फिल्टर आणि कार्ब्युरेटर वरच्या बाजूला राहतील असे पाहावे, अन्यथा तेल फिल्टरमध्ये उतरते आणि यंत्र सुरू होताना पांढरा धूर ओकते. जाड हातमोजे घालावेत. पाते आणि डेक यांच्या मध्ये लाकडाचा ठोकळा अडकवून बोल्ट सैल करावा. तो बहुधा घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने सुटतो, परंतु काही यंत्रांत आटे उलटे असतात, म्हणून बोल्ट हलत नसेल तर जोर वाढवण्याआधी माहितीपुस्तिका पाहावी. पाते काढण्यापूर्वी त्याच्या खालच्या बाजूला रंगाची खूण करून ठेवावी. ही खूण फार मोलाची आहे, कारण उलटे बसवलेले पाते बोथट पाठीने गवतावर आदळते, त्याचे वाकवलेले टोक गवत उचलण्याऐवजी खाली दाबते, आणि धार लावल्यानंतर लगेचच हिरवळ फाटलेली दिसत असेल तर हेच कारण असण्याचा बराच संभव असतो.

आता धार टिकण्याच्या काळाकडे येऊ. घरगुती यंत्राच्या पात्याला साधारण २० ते २५ तासांच्या कापणीनंतर धार लावावी, असा सर्वसाधारण संकेत आहे. हे तास यंत्र प्रत्यक्ष चालण्याचे आहेत. ज्याची हिरवळ आठवड्याला अर्ध्या तासात कापून होते त्याला २५ तास भरायला ५० आठवडे लागतील, आणि ज्याला दोन तास लागतात त्याचे ते तीन महिन्यांतच भरतील. त्यामुळे ‘हंगामात दोनदा’ असा ठोकताळा एकाला फार लवकर आणि दुसऱ्याला फार उशिरा पडतो. यंत्राजवळ एक लहानशी वही ठेवून दर कापणीची मिनिटे लिहावीत आणि टोके फाटलेली दिसू लागतील त्या दिवशी खूण करावी. दोन-तीन वेळा धार लावून झाली की आपल्या जमिनीचा आणि आपल्या पात्याचा खरा आकडा मिळतो.

धार २० तास किंवा त्याहून अधिक टिकत असेल तर समस्या अशी काही नाही. धार लावण्याची वेळ आली, एवढाच त्याचा अर्थ. धार चार-पाच तासांतच जात असेल तर कारण शोधावे लागते, आणि ते कारण फार वेळा पात्यात नसून पात्याखाली असते. वाळूमिश्रित जमीन हे त्यातले सर्वांत मोठे कारण आहे. पात्याच्या टोकामागचा वर वळवलेला भाग, ज्याला आपण पंख म्हणू, पंख्याप्रमाणे हवा वर खेचतो, जेणेकरून आडवे पडलेले गवत उभे राहावे. पण त्याच हवेबरोबर वाळूही वर येते आणि धारेवर सतत घासत राहते. जमीन कोरडी असेल, गवत विरळ असेल आणि कापणीची उंची कमी ठेवलेली असेल, तर पाते गवत कमी आणि माती जास्त कापते. अशा वेळी कापणीची उंची एक-दोन खाचा वाढवल्याने जो फरक पडतो तो महागडे पाते घेऊनही पडत नाही, हा माझा पक्का अनुभव आहे. उंदीर-घुशींनी किंवा मुंग्यांनी काढलेले मातीचे ढिगारे, वर आलेली झाडांची मुळे, फरशीच्या कडा, पाण्याच्या फवाऱ्यांची तोंडे आणि हिरवळीत शिरलेली खडी यांचाही हिशेब घ्यावा. कापणीआधी पाच मिनिटे हिरवळीवरून चालत जाऊन खडे आणि काटक्या उचलणे हे कंटाळवाणे वाटते खरे, पण धारेचे आयुष्य वाढवणारा याहून स्वस्त उपाय नाही, आणि पात्याने उडवलेला दगड कोणाला लागू नये यासाठीही ते करायलाच हवे.

दुसरे कारण धार लावणाऱ्याच्या हातात असते. पात्याला वस्तऱ्यासारखी धार असावी, असा समज इतका पसरलेला आहे की त्याबद्दल थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे. पात्याच्या वरच्या अंगाला उतार असतो आणि खालचे अंग सपाट असते. हा उतार बहुतेक पात्यांवर ३० ते ४५ अंशांच्या दरम्यान असतो, आणि कारखान्यातून जो कोन आलेला आहे तोच राखावा. मी स्वतः सुरुवातीच्या काळात उतार अधिक निमुळता करत असे, कारण बोटाला ती धार फार तीक्ष्ण वाटायची. अशी पातळ कड पहिल्या कापणीत अप्रतिम काम करते आणि पहिल्याच खड्यावर दुमडते. दुमडलेली कड ही बोथट कडेपेक्षाही वाईट फाडते. बोट हलके टेकवले तर कापणार नाही, परंतु कड स्पष्ट जाणवेल, इतकीच धार पुरेशी असते. खालच्या सपाट अंगावर उतार पाडू नये. तिकडे फक्त घासताना उमटलेली खरखरीत कड निघेपर्यंत कानस एकदा सपाट फिरवावी.

तिसरे कारण उष्णतेचे. ग्राइंडरवर पाते दाबून धरले की कडेचा भाग काही सेकंदांत तापतो, आणि तेथे निळा किंवा जांभळट रंग दिसला की पोलादाचे पाणी उतरले असे समजावे. पाणी उतरलेली कड मऊ असते. ती पाहताना धारदार दिसते आणि दोन-तीन तासांत बसते. ‘धार लावली की दोनच कापण्या टिकते’ अशी तक्रार असेल आणि पात्याला यंत्रावर धार लावलेली असेल, तर पहिल्यांदा हा रंग शोधावा. तो अगदी कडेपुरता असेल तर तेवढा भाग कानसीने हळूहळू घासून काढता येतो. तो आत पसरला असेल तर पात्याचा मोह सोडावा. हाताच्या कानसीने धार लावण्याचा आग्रह मी धरतो तो यासाठीच. पाते व्हाइसमध्ये घट्ट धरून, कानस कडेच्या दिशेने एकाच अंगाने ढकलावी, परत आणताना उचलावी, आणि दोन्ही टोकांना मोजून सारखेच हात द्यावेत. धार मुख्यतः शेवटच्या काही सेंटीमीटरमध्ये झिजते, कारण वेग तिथेच सर्वाधिक असतो आणि गवतही तिथेच आधी भेटते. तरी घासताना मूळ धारेची पूर्ण लांबी घ्यावी. लहानशी खाच पूर्ण नाहीशी होईपर्यंत घासत बसू नये. तिच्या दोन्ही बाजूंची कड नीट झाली की ती फारशी आड येत नाही, आणि तिच्यापायी वाया जाणारे पोलाद म्हणजे पात्याचे कमी होणारे आयुष्य असते.

धार लावून झाल्यावर तोल पाहणे बहुतेक जण टाळतात, आणि मला ते फार खटकते. ५० सेंटीमीटरच्या पात्याचे एक टोक दुसऱ्यापेक्षा १० ग्रॅमने जड असेल, तर मिनिटाला ३००० फेऱ्यांच्या वेगाला ते टोक सुमारे २५ किलो वजनाइतक्या जोराने बाहेर ओढते, आणि हा ओढा सेकंदाला ५० वेळा सर्व दिशांनी फिरतो. हँडलला जाणवणारी थरथर ही त्यातली किरकोळ बाब आहे. खरा मार बेअरिंगला, इंजिनच्या दांड्याला आणि डेकच्या जोडांना बसतो. तपासणी सोपी आहे. भिंतीत आडवा खिळा ठोकून त्यावर पात्याचे मधले छिद्र अडकवावे आणि पाते आडवे सोडून द्यावे. जे टोक खाली जाते ते जड. पाते उलटे अडकवूनही तेच टोक खाली जाते का, ते पाहावे, कारण छिद्र खिळ्यापेक्षा बरेच मोठे असेल तर एका पाहणीने फसगत होते. छिद्रात नीट बसणारा शंकूच्या आकाराचा तोलक मिळाला तर अधिक चांगले. जड टोकाच्या पाठीमागून किंवा बोथट शेवटातून थोडे थोडे पोलाद घासून तोल आणावा. तोलासाठी धार पुन्हा घासत बसू नये.

आता पाते कधी बदलावे ते सांगतो, आणि यात मी कोणाला काटकसर सुचवणार नाही. पात्यावर कोठेही तडा दिसला तर ते त्याच दिवशी टाकावे. मधल्या छिद्राभोवती आणि पंख जिथे वर वळतो त्या वळणावर तडे लवकर पडतात. पाते तारेच्या ब्रशने स्वच्छ केल्याशिवाय ते दिसत नाहीत. पंखाचे वळण ही पात्याची सर्वांत दुर्लक्षित जागा आहे. वाळू तिथे खालून घासत राहते, पोलाद पातळ होत जाते, आधी पन्हळीसारखी खोलगट रेघ उमटते, मग ती आरपार जाऊन फट पडते आणि शेवटी पंखाचा तुकडा सुटतो. त्या वेगाने सुटलेला तुकडा पायाला लागला तर काय होईल, हे सांगायला नको. म्हणून पन्हळ दिसू लागली, की धार उत्तम असली तरीही पाते बदलावे. पंख झिजल्याची एक आगाऊ खूणही मिळते: धार चांगली असूनही यंत्र आडवे पडलेले गवत उचलत नाही, मागे न कापलेल्या काड्या उभ्या राहतात आणि पिशवी पूर्वीसारखी भरत नाही. अशा वेळी माणूस पुन्हा धार लावतो, आणि अर्थातच उपयोग होत नाही.

वाकलेले पाते हा बदलण्याचा तितकाच ठाम निकष आहे. सपाट फरशीवर यंत्र उभे करून, पात्याच्या एका टोकाची फरशीपासूनची उंची मोजावी, मग पाते अर्धा फेरा फिरवून त्याच जागी दुसऱ्या टोकाची उंची मोजावी. फरक ३ मिलिमीटरहून अधिक असेल तर पाते वाकलेले आहे असे धरावे. वाकलेले पाते ठोकून सरळ करू नये आणि तडा गेलेल्या पात्याला वेल्डिंग करू नये. दोन्ही उपायांनी ते बाहेरून बरे दिसते आणि आतून अधिक ठिसूळ होते. वारंवार घासून पात्याची रुंदी स्पष्टपणे कमी झालेली असेल, टोके गोल झाली असतील, खाचा इतक्या खोल असतील की त्या घासून काढताना कडेचा बराच भाग जाईल, किंवा मधले छिद्र लांबट झालेले असेल, तरीही तोच निर्णय घ्यावा. नवे पाते घेताना लांबी, छिद्राचा आकार आणि पंखाचा प्रकार जुन्याशी ताडून घ्यावा. ‘जवळपास तेवढेच’ पाते डेकला घासू शकते किंवा बोल्टवर डळमळते. दोन-तीन पात्यांच्या मोठ्या यंत्रात एकच नवे पाते घातले तर पट्ट्यापट्ट्यांनी वेगळी कापणी दिसते, म्हणून तिथे सर्व पाती एकदमच बदलावीत. बोल्ट कसताना माहितीपुस्तिकेत दिलेला जोर टॉर्क रेंचने मोजूनच द्यावा, आणि आटे झिजले असतील तर बोल्टही नवा घ्यावा.

पाते एखाद्या दगडावर किंवा खुंटावर जोरात आदळून इंजिन थांबले असेल, तर केवळ धार पाहून भागत नाही. अशा धक्क्यात इंजिनच्या दांड्यावरची मऊ धातूची चावी, म्हणजे दांड्यावरचे चक्र जागेवर धरणारा लहान तुकडा, कापली जाते, इंजिनाची ठिणगी अवेळी पडू लागते आणि यंत्र सुरू होत नाही किंवा दोरीला हिसका देते. दांडाच वाकला असेल तर नव्या, तोल साधलेल्या पात्यानेही थरथर थांबत नाही. नवे पाते घालूनही थरथर कायम राहिली तर यंत्र त्या स्थितीत चालवू नये; ते जाणकाराला दाखवावे.

नळकांडी पद्धतीच्या यंत्राची गोष्ट निराळी आहे. १८३० साली इंग्लंडमध्ये एडविन बडिंग यांनी ज्या पहिल्या यंत्राचे पेटंट घेतले ते याच जातीचे होते, आणि त्याची फिरती पाती खालच्या स्थिर पात्यावरून कात्रीप्रमाणे सरकतात. तिथे टोके फाटू लागली की धार गेली असे लगेच मानू नये; पुष्कळदा दोन्ही पात्यांतले अंतर वाढलेले असते. कागदाची पट्टी मध्ये धरून नळकांडे हाताने सावकाश फिरवावे, बोटे मात्र दूर ठेवावीत. कागद सगळीकडे स्वच्छ कापला जात नसेल तर आधी अंतर जुळवावे, आणि तरीही कापला जात नसेल तेव्हाच घासण्याची पेस्ट लावून नळकांडे उलट्या दिशेने फिरवून धार आणावी.

ज्यांना वारंवार धार लावावी लागते त्यांनी दोन पाती जवळ ठेवावीत, असे मी आवर्जून सुचवतो. एक यंत्रावर असताना दुसऱ्याला सवडीने, न तापवता धार लावता येते आणि घाईत ग्राइंडरवर दाबून धरण्याचा मोह होत नाही. त्याचा आणखी एक उपयोग निदानासाठी होतो. जुन्या पात्याची धार पाच तासांत जात असेल आणि त्याच हिरवळीवर, त्याच उंचीवर नवे पाते वीस तास टिकत असेल, तर जुन्या पात्याचे पोलाद उतरलेले आहे किंवा त्याला चुकीच्या कोनाने धार लागलेली आहे. ते बाजूला ठेवावे. नवे पातेही पाच तासांतच बसत असेल, तर तिसरे पाते विकत घेण्याऐवजी कापणीची उंची वाढवावी, खडे वेचावेत आणि वहीतला पुढचा आकडा पाहावा.